शेवळाबरोबर काकडं

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
मंगळवार, १३ मे २०२५

मावशी, नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. तुमच्या पाड्यावर रेंज नाही, आणि टाकीपर्यंत चढून तू फोन घेतलास तरी "बरं बरं, ठेव आता" यापलीकडे बोलत नाहीस. मीनल बाईंच्या वर्गात तू लिहाय-वाचायला शिकलीस असं चांगोदादा सांगत होता. म्हटलं, मग लिहूनच बोलू. त्याची जीप रोज खाली येते, एक कागद न्यायला त्याला काय जड आहे.

बातम्या दोन. पहिली, अंबरनाथच्या कंपनीतलं आमचं पॅकिंग खातं बंद झालं. सात वर्षं मी लोकांची खोकी बांधली आणि शेवटी माझंच सामान एका खोक्यात भरून हातात दिलं. रडून झालंय, आता तू रडू नकोस. दुसरी, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये शाळेच्या पटांगणात दर रविवारी बायकांचा बाजार भरतो. तिथे मला एक टेबल मिळालंय, रानभाजी विकणार आहे. तीन महिने बघतील, नीट चाललं तर जागा पक्की. नाहीतर पुन्हा कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर सकाळी सातला उभं राहायचं, आणि मावशी, मला ते आता नको आहे.

बाजार चालवतात ते कमळाकर काका. तीस वर्षं सरकारी ऑफिसात लोकांचे परवाने तपासले, रिटायर झाले तरी हात शिवशिवतात. मला दोन पानं भरून नियम दिलेत. लग्नाच्या मांडवालाही एवढे नसतात. गळ्यात ओळखपत्र पाहिजे. खायची वस्तू म्हणून अन्न खात्याची नोंदणी पाहिजे, ती मी सायबरमध्ये बसून केली. शेगडी नको, उघडी वायर नको, येण्याजाण्याच्या वाटेत पाटी नको, पातळ प्लास्टिकची पिशवी तर दिसायलाच नको. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. पुडा बांधून विकला तर त्यावर नाव, वजन, तारीख, पत्ता सगळं. फॉर्मात ज्याचं नाव नाही ती वस्तू टेबलावर ठेवायची नाही. तराजूला सरकारी शिक्का पाहिजे, दगडधोंडा चालणार नाही. दगड म्हणाले तेव्हा मला तुझा तो काळा दगड आठवला, किलोला बरोब्बर किलो भरायचा.

तू येऊन माझ्याशेजारी बसशील का? वीस वर्षं तू आणि आई बदलापूर स्टेशनबाहेर बसलात. भाजी मला कळते, गिऱ्हाईक कळत नाही. येणार नसशील तर निदान शेवळं तरी पाठव.

तुझी सुषमा


पाडा, बारवीकडं
शुक्रवार, १६ मे

पोरी सुषमा,

हे लिवाया मना दोन दिस लागले. मीनल बाई म्हनली, मी तपासून देते. मी म्हनलं नको, चुकलं त चुकलं, भाचीलाच धाडायचं हाय.

नोकरी गेली ते वाईट झालं. पन तू कपाळाला हात लावून बसली नाय, ते बरं केलंस. आईवर गेलीस.

मी काय येत नाय. गुडघे धरलेत. जीपमदी चढाया दोन मानसं लागतात. बाजाराचं माझ्यापाशी काढूच नको. दगड म्हनशील त तो पालिकेच्या निळ्या गाडीवाल्यांनी टोपलीसकट उचलून नेला, त्याला दोन वर्सं झाली. तवाच माझा बाजार संपला.

शेवळं देते. यंदा वळीव लवकर पडला, जांभळे कोंब लवकर वर आले. उद्या चांगोसंगं टोपली येल. वर ओल्या फडक्यात शेवळं हायती. खाली येगळ्या फडक्यात काकडं घातलीत. ती कशाला ते तुला ठाऊकच हाय, तुळशीची लेक तू.

तुझे नियम वाचले. चांगले हायत. आमच्या येळेला नियम कोनी सांगितलाच नाय, एकदम गाडीच यायची.

नवसी मावशी


हेंद्रेपाडा
मंगळवार, २० मे

मावशी,

टोपली मिळाली, आणि तुझ्या भाचीने बाजार मारला.

शनिवारी दुपारभर बसून शेवळं धुतली, चिरली, कागदी पुड्यांत भरली. प्रत्येक पुड्यावर लेबल. नाव, वजन, तारीख, माझा पत्ता, नोंदणीचा नंबर आणि शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका. हातात मोजे, डोक्यावर टोपी. कमळाकर काका चष्मा पुढे ओढून बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, टेबल कसं लावायचं ते बाकीच्यांना शिकवायला मी तुझ्याकडे पाठवीन." सात वर्षांच्या पॅकिंगचं कुठेतरी चीज झालं म्हणायचं.

शेजारच्या टेबलावर सोनिया म्हणून एक सिंधी बाई पापड विकते. तिने पहिले दोन पुडे उचलले. म्हणाली, "अरे, ये तो अपने भे जैसा दिखता है." भे म्हणजे कमळाचे देठ, त्यांच्यात फार आवडीने खातात. तिच्यामागून तिच्या ओळखीच्या बायका आल्या आणि बारा वाजायच्या आत टेबल रिकामं. आई असती तर तिने माझी दृष्ट काढली असती.

गुडघे कसे आहेत? चांगोदादा म्हणाला, नवसीबाय परवा आख्खा डोंगर चढून टोपलीभर शेवळं घेऊन आली. मी म्हटलं, मग ते गुडघे दुसऱ्या कोणाचे असतील.

आणि हो, सहजच विचारते. खालच्या फडक्यातली ती हिरवी आंबट फळं, काकडं, शेवळाबरोबर कशासाठी असतात? फॉर्मात मी फक्त शेवळं लिहिलं होतं, म्हणून ती टेबलावर नेलीच नाहीत. घरी मिठात घातलीत, छान मुरतायत.

सुषमा


पाडा
बुधवार, २१ मे

सुषमा,

सहजच विचारते, असं लिवलंस. तुला मी तू रांगत व्हतीस तवापासून ओळखते. आधी सांग, किती जनांचा घसा धरला?

शेवळाला खाज असती गो. सुरनाला असती तशी, त्याच्याहून जास्त. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा आन त्यात शिजवायचं, तवा ती खाज मरते. आमच्याकडं शेवळं काकडाबिगर कोनी उंबऱ्याच्या आत घेत नाय. नवी भाजी पयली देवापुढं ठेवतात तीबी काकडासकट. वीस वर्सं मी एकबी वाटा काकडाबिगर दिला नाय. एकादं गिऱ्हाईक म्हनायचं, ते आंबट नको, नुसती भाजी दे. मी म्हनायची, मग भाजीबी ठेव.

घसा धरला असंल त चिंच चोखाया दे, नाय त कोकमाचं पानी. आजच्या आज घरोघर जा. कुनाच्या लहान पोरानं खाल्लं असंल त डाक्तरला दाखवाया सांग, लाजू नको.

चूक माझीबी हाय. तुला ठाऊकच हाय असं मी लिवलं. समोरच्याला असं म्हनलं की त्याला विचारायची लाज वाटते, येवढं मना कळाया पायजे व्हतं.

नवसी


हेंद्रेपाडा
गुरुवार, २२ मे

मावशी,

नऊ जणांचा.

भाजी मला कळते असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. आई शिजवायची आणि मी जेवायची, एवढंच मला कळतं. तुझं पत्र आल्यावर चिंच घेऊन सगळ्यांकडे जाऊन आले. तोवर घसे आपापले बरे झाले होते, एवढी देवाची कृपा. सोनियाच्या सासऱ्यांनी सगळ्यांत जास्त खाल्लं होतं, ते दोन दिवस ताकावर होते. मला वाटलं सोनिया दारातून हाकलेल. तिने आत बसवून चहा दिला आणि म्हणाली, "मैंने पूछा नहीं, तूने बताया नहीं. गलती आधी-आधी."

पण एका गृहस्थांनी लेखी तक्रार केली, आणि बरोबरच केली. कमळाकर काकांनी माझा एक पुडा हातात घेतला, लेबल चारदा वाचलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "वजन आहे, तारीख आहे, नंबर आहे. हे खायचं कसं, तेवढं नाही. पोरी, बाकीचं सगळं त्याच्यासाठीच तर असतं."

टेबल बंद केलंय. पुढच्या शुक्रवारी, तीस तारखेला, बाजाराच्या समितीपुढे उभं राहायचं आहे. जागा गेली तर वर्षभर नवा फॉर्म नाही. काकांनी दोन अटी सांगितल्या. लेबलवर धोका आणि करायची रीत आली पाहिजे. आणि टेबलावर भाजी जाणणारं माणूस बसलं पाहिजे, फॉर्मात त्याचं नाव, गळ्यात त्याचं कार्ड. म्हणाले, "वाचून शिकलेलं नको, खाऊन मोठं झालेलं आण."

असं माणूस मला एकच माहीत आहे. तू ये.

आईशी तुझं काय बिनसलं होतं ते मी कधी विचारलं नाही. ती गेल्यावर तिच्या दिवसाला आलीस, दारात उभी राहिलीस आणि पाणीसुद्धा न घेता गेलीस. राग असेल तर तो आईवरचा आहे ना, मग तो माझ्यावर काढू नकोस.

सुषमा


पाडा
रविवार, २५ मे

सुषमा,

माझे गुडघे बरे हायत. पयलं ते सांगते.

तुळशीवर मी कसला राग धरू. ती माझी धाकटी, माझ्या कडेवर वाढली. तुला वाटलं ते उलटं हाय, आता खरं लिवते, मंग तू काय म्हनायचं ते म्हन.

त्या दिशी आम्ही दोघी स्टेशनभायेर बसलो व्हतो. माझ्यापाशी शेवळं, तिच्यापाशी कंटोळी. कोनतरी वरडलं, गाडी आली. मी उठली आन पळाली. टोपली, कोयती, दगड, सगळं टाकून. तुळशीला टाकून. पुलाखाली जाऊन मागं बघितलं त ती माझ्या टोपलीवर हात ठेवून बसलेली, आन चार मानसं तिच्या डोसक्यावर उभी. तिला दम लागायचा, ते मना ठाऊक व्हतं. ती पळू शकली नाय म्हनून सापडली. मी थोरली, मी परत जाया पायजे व्हतं. नाय गेली.

चार दिसांनी तिनं चांगोसंगं निरोप धाडला. "नवसीला म्हनावं, तुझी टोपली घेऊन जा." टोमना व्हता तो. गाडीत गेलेली टोपली मी कुठून घेऊन जानार? टोमना खरा व्हता, म्हनून जास्त लागला. त्यापायी मी खाली उतरलीच नाय. मंग ती आजारी पडली, आन मंग गेलीच. तिच्या दिवसाला तुझ्या हातचं पानी कोनत्या तोंडानं पिऊ?

काकडं धाडते, रीतबी सांगते. पन टेबलावर दुसरं कोन बसव. पळनारं मानूस बाजारात कामाचं नाय.

नवसी


हेंद्रेपाडा
सोमवार, २६ मे

मावशी,

तुझं पत्र वाचलं, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले.

तिथे एक गोणी आहे. दवाखान्यात जायच्या आधी आई म्हणाली होती, "ती नवसीची आहे, ती आली की दे." मला वाटलं जुनी लुगडी असतील. तू दिवसाला आलीस ती दारातूनच गेलीस, आणि मलाही तुझा राग आला होता, म्हणून मी हाक मारली नाही. गोणी तशीच राहिली. आज सोडली.

आत तुझी टोपली आहे मावशी. तुझी कोयती आहे, पार गंजलीय. काळा दगड आहे. आणि दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक कागद आहे. जप्तीची पावती. "टोपली नग दोन, कोयती नग एक, दगड नग एक, रानभाजी व आंबट फळे." खाली आईची सही, शाळेतल्या मुलीसारखी मोठ्या अक्षरांत.

मला काही उमजेना. तुमच्याशेजारी मोतीबाई लिंबं घेऊन बसायची ना, तिला फोन लावला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "तुळशी सापडली? कोणी सांगितलं तुला? अगं, ती जागची हलेना. साहेबाला म्हणाली, नेताय तर न्या, पण काय काय नेलं ते लिहून द्या, तसा कायदा आहे. कागद दिल्याशिवाय मी उठायची नाही. पाऊण तास बसली. शेवटी साहेबाने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं." बचत गटाच्या बैठकीत कोणीतरी तो कायदा सांगितला होता म्हणे, तो हिने डोक्यात धरून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेली आणि दोन्ही टोपल्या सोडवून आणल्या.

मग तिने निरोप पाठवला, तुझी टोपली घेऊन जा. तो टोमणा नव्हता. टोपली खरंच घरात होती. तेवढं एक वाक्य चांगोदादाने आणलं, आणि तेवढ्या एका वाक्यावर तू दोन वर्षं डोंगरावर बसलीस. ती खाली वाट बघत बसली, तू आली नाहीस म्हणून तिने पुन्हा बोलावलं नाही. दोघी सारख्याच हट्टी. मला रडूही येतंय आणि तुम्हा दोघींचा रागही येतोय.

तुझा दगड शिक्क्याच्या तराजूवर ठेवून बघितला. एक किलो आणि वर सात ग्रॅम. वीस वर्षं गिऱ्हाइकाला सात ग्रॅम जास्त देत होतीस.

शुक्रवारी सकाळी अकराला समिती आहे. मी टोपली धुऊन ठेवते.

सुषमा


पाडा
बुधवार, २८ मे

सुषमा,

तुझं पत्र मीनल बाईकडून वाचून घेतलं. मना अक्षरं दिसेनात. येकदा झालं की म्हनलं, पुन्हा वाच. चांगोला बोलावून तो निरोप पुन्हा म्हनाया लावला. तो म्हनतो, बाय, मना जेवढं सांगितलं तेवढं मी सांगितलं. त्याचं काय चुकलं. मीच त्यात माझ्या मनाचं घातलं.

टोपलीला पानी लावू नको, कामट्या सुटतील. नुसतं ऊन दाखव.

उद्या दुपारी येते. फॉर्मात माझं नाव घाल. नवसी, आन पुढं तुझ्या काकाचं नाव, आडनाव तुला ठाऊक हाय. ठाऊक नसलं त विचार, आता कायबी विचारायचं बाकी ठेवू नको. काकडांचंबी नाव फॉर्मात घाल. फोटू काढायचा असंल त मी नवं लुगडं आनते.

लेबलावर हे लिव, असंच लिव:

"शेवळं खाजरी असतात. काकडाबिगर शिजवू नका. आतला पिवळा भाग काढून टाका. पाच काकडं ठेचून रस काढा, तो घालून बराच येळ शिजवा. आधी आपन येक फोड चाखा. जिभेला चावली त अजून रस घाला, मंगच पोरांना वाढा. घसा धरला त चिंच चोखा, नाय थांबलं त डाक्तरकडं जा. शंका असली त विचारा, मी इथंच बसली हाय."

नवसी मावशी


हेंद्रेपाडा
मंगळवार, ३ जून

मावशी,

तू शुक्रवारी परत गेलीस तेव्हापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतंय. दोन दिवस राहिलीस, तीन वेळा माझी भांडी पुन्हा घासलीस, आणि आईच्या फोटोसमोर पाणी पिऊन गेलीस. ते मी बघितलं.

समितीत तू बोललेलं सगळीकडे पसरलंय. कमळाकर काकांनी तुझं लेबल शुद्ध करून आणलं होतं, "प्रस्तुत भाजी घशास कंड उत्पन्न करू शकते." तू विचारलंस, "हे वाचून कुनाला कळंल, साहेब, की घशाला काय व्हनार हाय?" आणि काका आपला कागद घडी करत म्हणाले, "बाईंचंच छापा." सोनिया म्हणते, त्यांनी आपला कागद मागे घेतलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिनेच खाली ते हिंदीत आणि सिंधीत लिहून दिलंय. तिचे सासरे म्हणालेत की मौसीने समोर उभं राहून शिजवली तर पुन्हा खाईन, नाहीतर नाही. टेबल पुन्हा सुरू झालंय, तुझं कार्डही आलंय. फोटोत तू कोणाशीतरी भांडायला निघाल्यासारखी दिसतेस, पण छान दिसतेस.

एक अडचण आहे. येत्या रविवारी खाद्यपदार्थ विकणाऱ्यांचं एक दिवसाचं ट्रेनिंग आहे अंबरनाथला, त्याशिवाय नोंदणी पुढे चालत नाही. म्हणजे आठ तारखेला टेबलावर तू एकटी. सोनिया शेजारी आहेच. आणि मी आधीच सांगून ठेवते, तपासणीचे साहेब न सांगता येतात. ते उचलायला येत नाहीत, बघायला येतात. आपलं सगळं जागच्या जागी आहे. बसशील ना?

सुषमा


पाडा
सोमवार, ९ जून

सुषमा,

तू टरेनिंगला गेलीस आन इकडं साहेब आला.

सकाळी नऊला मी टेबल लावलं. शेवळं टोपलीत, काकडं येगळी, पाच-पाचाची पुडी. दर जुडीसंगं येक पुडी आन येक लेबल. वाऱ्यानं लेबलं उडाया लागली म्हनून त्यावर काळा दगड ठेवला. कार्ड गळ्यात. सोनियानं मना पापड भाजून दिला, चांगला व्हता, जरा तिखट.

अकराच्या सुमाराला बायकांत कुजबूज झाली, चेकिंग आया. फाटकाभायेर रस्त्यावर गाडी उभी राहिली. निळी नव्हती, पांढरी व्हती, पन गाडी ती गाडी. सुषमा, तुला खरं सांगते, माझे पाय मना न विचारता उठले. सोनिया म्हनली, "क्या हुआ मौसी, पानी दूँ?" मंग माझा हात टोपलीवर गेला, काठाला, जिथं तुळशीनं सुतळीनं कामटी बांधलीय तिथं. मी पायांना म्हनलं, बसा.

साहेब तरुन व्हता, साधा सदरा, हातात कागदांची पाटी. कार्ड बघितलं, फोटू बघितला, मना बघितलं. तराजूचा शिक्का खाली वाकून बघितला. मंग लेबल मोठ्यानं वाचाया लागला आन मदीच हसला. म्हनला, "हे कोणी लिहिलं?" मी म्हनलं, "मी." मंग दगडाकडं बोट केलं. "याने वजन करता का?" मी म्हनलं, "नाय साहेब. सात गिराम जास्त भरतो, परवडत नाय." सोनिया पदरात तोंड घालून हसत व्हती, मना ऐकू येत व्हतं.

मंग त्यानं घरी न्यायला येक जुडी मागितली. म्हनला, नुसती भाजी द्या, आंबट आमच्याकडं चालत नाय. मी म्हनलं, मग भाजीबी ठेवा. मंग दोन्ही घेतली, आन बायकोला फोन लावून माझ्यासमोर रीत सांगितली. पिवळा भाग काढायचं इसरला व्हता, तो मी मधून सांगितला.

तो निघाला तवा मी हाक मारली. म्हनलं, "साहेब, काय काय बघितलंत ते लिवून द्या." तो म्हनला, "आजी, तुमचं काही चुकलेलं नाही, कागद कशाला?" मी म्हनलं, "चुकलं नाय, तेच लिवून द्या." मागं लायनीत मानसं खोळंबली. कमळाकर लांबून हात हलवत व्हते, सोडा म्हनून. मी नाय सोडलं. शेवटी त्यानं पाटी माझ्या टेबलावर ठेवली आन लिवलं. ओळखपत्र आहे. तराजू शिक्क्याचा. लेबल योग्य. कचऱ्याचे डबे दोन. खाली सही, तारीख. त्याच्या सहीखाली मी माझी केली, पुरं नाव, कुठं आडली नाय.

तो कागद तुळशीच्या पावतीसंगं त्याच दुधाच्या पिशवीत ठेवलाय. तिनं घेतला त्यात काय काय नेलं ते हाय, मी घेतला त्यात काय काय हाय ते हाय. तिला दाखवाया पायजे व्हता. तू तिच्या फोटूला दाखव, मना ते जमत नाय, रडू येतं.

भाजी दोनच्या आत संपली. नऊ जनांतले चार परत आले व्हते, येक तो तक्रारवालाबी. त्यानं उभ्या उभ्या चार प्रश्न विचारले, मी चारांची उत्तरं दिली, मंग जुडी घेतली.

तुझ्या आईला पाऊन तास लागला व्हता, मना धा मिनिटं लागली. तो लिवत व्हता तवर मी उठली नाय. मंग साहेब गाडीत बसला, गाडी गेली, आन मी तिथंच बसलेली व्हती.

नवसी